व्हिप कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश आणि तो मोडला की आमदारकी गेली. एवढ्या सरळ गोष्टीसाठी चाबूक, शिकारी कुत्री आणि ब्रिटिश संसद यांचे दाखले देऊन आपण शब्दांचा कीस काढला आहे', असा आपला आक्षेप आहे. तो मला मान्य नाही, कारण ही गोष्ट मुळात सरळ नाही.

कोल्ह्याच्या शिकारीत भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने आवरणारा मदतनीस असे. त्याच्या हुद्द्यावरून हा शब्द ब्रिटिश संसदेत आला आणि तिथे त्याला तीन अर्थ चिकटले. सदस्यांना मतदानासाठी हजर ठेवणारा पदाधिकारी, म्हणजे आपला प्रतोद, हा व्हिप. तो दर आठवड्याला जो कागद पाठवतो आणि ज्यात विषयाच्या महत्त्वानुसार एक, दोन किंवा तीन रेघा ओढलेल्या असतात, तोही व्हिप. आणि संसदीय पक्षातले, म्हणजे पक्षाच्या खासदारांच्या गटातले सदस्याचे स्थान, तेही व्हिपच. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून सरकारविरोधी मतदान करणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांचा व्हिप काढून घेण्यात आला, तेव्हा ते संसदीय पक्षाबाहेर गेले, पण त्या कारवाईने एकाचीही खासदारकी गेली नाही.

पद जाण्याची तरतूद आपल्याकडची आहे. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, ती आहे, आणि तिथे 'व्हिप' हा शब्दच नाही. राजकीय पक्षाने, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा यंत्रणेने दिलेल्या निर्देशाविरुद्ध पूर्वपरवानगीशिवाय मतदान केले किंवा मतदान टाळले, तर सदस्य अपात्र ठरू शकतो; मात्र पक्षाने १५ दिवसांत ते कृत्य माफ केले, तर अपात्रता येत नाही. शिवाय १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन सरकारवरील विश्वासाचे मतदान आणि पक्षाच्या मूळ धोरणाचे विषय एवढ्यापुरतेच असावे, असे म्हटले आहे. मला स्वतःला ही मर्यादा अत्यंत मोलाची वाटते, कारण तिच्याविना आमदाराला स्वतःच्या विवेकाने बोलायला जागाच उरणार नाही.

आता आपली व्याख्या जुलै २०२२ च्या महाराष्ट्र विधानसभेला लावून पाहा. फुटलेल्या शिवसेनेच्या ठाकरे गटाचे प्रतोद सुनील प्रभू, शिंदे गटाचे भरत गोगावले; दोघांनीही व्हिप जारी केले आणि एकाचा पाळणारा आमदार दुसऱ्याचा मोडतच होता. 'पक्षाचा आदेश' म्हणून भागत नाही, कारण पक्ष कोणता हाच तर वाद होता. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांच्या गटाचा नाही, आणि गोगावले यांना विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी शिंदे गटालाच खरा पक्ष मानून गोगावले यांची नेमणूक वैध धरली, म्हणून प्रभू यांचा व्हिप मोडणारे अपात्र ठरले नाहीत. आणि गोगावले यांचा व्हिप समोरच्या आमदारांना रीतसर बजावला गेल्याचे सिद्ध न झाल्याने तेही अपात्र ठरले नाहीत. त्या निर्णयावर मतभेद आहेत आणि ते असणारच; पण व्हिप दोन्ही बाजूंचे मोडले गेले आणि आमदारकी मात्र एकाचीही गेली नाही.