कॉर्व्हेअर नेडरने मारली, असं म्हणणाऱ्यांना

गाड्यांच्या शौकिनांत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. राल्फ नेडर नावाच्या वकिलाने १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे मोटारींच्या धोक्यांवरचं पुस्तक लिहून जनरल मोटर्सची कॉर्व्हेअर ही चांगली गाडी बंद पाडली, पुढे १९७२मध्ये अमेरिकी सरकारनेच गाडी निर्दोष ठरवली. म्हणजे सगळा खटाटोप प्रसिद्धी आणि पैशासाठी होता, असं त्यांचं म्हणणं.

आधी ‘बंद पाडली’चं बघू. पुस्तक आलं नोव्हेंबर १९६५मध्ये. गाडीत यापुढे मोठ्या सुधारणा करायच्या नाहीत, असं कंपनीने त्याआधी एप्रिलमध्येच ठरवलं होतं. फोर्डची मस्टँग १९६४मध्ये येऊन गिऱ्हाईक पळवत होती. पुस्तकाने विक्रीला फटका बसला नाही, असं मी म्हणणार नाही. पण मेलेली म्हणवली जाणारी ही गाडी १९६९पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती.

१९७२चा अहवाल खरा आहे, फक्त तो नीट वाचायला हवा. १९६० ते ६३च्या कॉर्व्हेअरची तुलना त्याच काळातल्या काही गाड्यांशी केली आणि ती त्यांच्यापेक्षा वाईट ठरली नाही. गल्लीतले सगळेच दूधवाले पाणी घालतात, तेव्हा आमचंही दूध चांगलंच, असा हा दाखला! त्या गाडीच्या पुढच्या चाकांत हवा १५ पौंड आणि मागच्यांत २६ पौंड ठेवा, असं कंपनीच सांगायची. चारही चाकांत सारखी हवा भरून घेणाऱ्या साध्या माणसाला वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका होता. वळणावर गाडीचं झुकणं रोखणारा पुढचा दांडा सगळ्या कॉर्व्हेअरना १९६४पासून मिळाला. आधी का नाही, हा नेडरचा प्रश्न होता. शिवाय पुस्तकाच्या आठ प्रकरणांपैकी एकाच प्रकरणात कॉर्व्हेअर आहे. धडकेनंतर माणूस गाडीच्या आतच कशाकशावर आदळतो, ही उरलेल्या पुस्तकातली महत्त्वाची गोष्ट. शौकीन तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आणि प्रसिद्धी? ती कंपनीने दिली. नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघड झालं, आणि मार्च १९६६मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. पुस्तक हातोहात खपलं ते त्यानंतर. त्याच सप्टेंबरात वाहन सुरक्षेचा कायदा झाला.

पैशाचं उत्तर सर्वांत छोटं. खाजगीपणावर घाला घातल्याच्या दाव्यात कंपनीने १९७०मध्ये तडजोड म्हणून ४,२५,००० डॉलर मोजले. नेडरने ते ग्राहकांच्या कामात, मोटार कंपन्यांवर लक्ष ठेवण्यासकट, घातले.