साध्या गव्हाने बिअर बिघडत नाही

पुण्यातल्या बिअरप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : घरगुती बिअरमध्ये साधा, माल्ट न केलेला (म्हणजे मोड आणून न वाळवलेला) गहू घालूच नका. त्यात एन्झाइम (स्टार्च तोडून साखर करणारी प्रथिनं) नसतात, म्हणून त्याच्या स्टार्चची साखर होत नाही. घालायचाच तर आधी कुकरला शिजवा. गव्हाने बिअर गढूळ होते, आणि गढूळ म्हणजे बिघडलेली. खरी व्हीट बिअर जर्मन कायद्याप्रमाणे माल्ट केलेल्या गव्हाचीच. गाळणी तर हमखास तुंबते. आणि शेवटी दिलासा : स्वतःपुरती घरी केली तर कायद्याची अडचण नाही.

मी इथल्याच एका मायक्रोब्रुअरीत मॅशवर, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात धरून त्याची साखर उतरवण्याच्या टप्प्यावर, काम करते. जे धान्य रोज हातातून जातं त्याच्याबद्दल इतकं चुकीचं इतक्या खात्रीने पसरतंय, हे मला गप्प बसून बघवत नाही.

कायद्याचं आधी, कारण तिथे चुकलं तर नुसती बिअर वाया जाण्यावर भागत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. त्यात बिअरही आली, घरातली छोटी बादलीही आली. फॉरवर्डमधली सूट बहुधा अमेरिकेतून उचललेली आहे. तिथे १९७८च्या कायद्याने एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत घरी बिअर करायची केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. तुमचा भाऊ, भाची तिकडे असेल तर हे पुढचं सगळं त्यांना खुशाल पाठवा. पुण्यात मात्र ते परवाना असलेल्या ठिकाणीच करायचं.

आता एन्झाइम. ‘साध्या गव्हात एन्झाइमच नसतात’ हे अर्धसत्य आहे. बीटा-अमायलेज हे एन्झाइम कोरड्या दाण्यातही असतं. अल्फा-अमायलेज मुख्यतः दाण्याला मोड येताना तयार होतं, आणि स्टार्चच्या लांब साखळ्या मधेच तोडायचं काम त्याचं. पण खरी गफलत पुढे आहे. मॅशमध्ये गहू एकटा नसतो, सोबत बार्लीचं माल्ट असतं, आणि माल्टचे एन्झाइम पाण्यात उतरले की स्टार्च बार्लीचा की गव्हाचा हे बघत नाहीत. ही ताकद लिंटनर या एककात मोजतात. सगळ्या धान्याची सरासरी ३५-४०च्या वर असली की काम होतं. पिल्सनर हे फिकट माल्ट १०० लिंटनरच्या आसपास असतं. म्हणजे त्यात निम्मा साधा गहू घातला आणि गव्हाची ताकद शून्य धरली, तरी सरासरी ५० येते. बिघडतं कधी? उरलेलं निम्मं गडद म्युनिक किंवा क्रिस्टल माल्ट असेल तेव्हा. भट्टीतल्या उष्णतेने त्यांचे एन्झाइम कमी झालेले किंवा पार गेलेले असतात. तिथे दोष गव्हाचा नाही, जोडीदाराचा आहे.

नव्या मुलांना मी हे कुरडईच्या चिकावर दाखवते. गव्हाचा चीक पळी उभी राहील इतका घट्ट शिजवायचा, ६६ अंशांपर्यंत निवू द्यायचा आणि त्यात दळलेलं पिल्सनर माल्ट मूठभर टाकून ढवळत राहायचं. काही मिनिटांत तो सैल पडतो, मग पळीवरून पाण्यासारखा ओघळतो. तासाभराने पांढऱ्या बशीत त्याचा थेंब घेऊन वर आयोडीन टाकायचं. रंग पिवळट-तपकिरी राहिला तर स्टार्च संपला. निळा-काळा झाला तर अजून थांबायचं. थेंबात फोलपटाचा कण येऊ द्यायचा नाही, तो काळा पडतोच आणि माणूस उगाच घाबरतो. बशीतलं ते फेकून द्यायचं, परत भांड्यात नाही. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला असले फॉरवर्ड पटत नाहीत.

कुकरची गरज नाही. गव्हाचा स्टार्च साधारण ५२ ते ६४ अंशांत फुगून मोकळा होतो आणि मॅश आपण ६५-६७ला धरतो. वेगळं शिजवणं लागतं ते तांदळाला.

जर्मन कायद्याची साक्ष इथे चालतच नाही. बव्हेरियाच्या १५१६च्या मूळ आदेशात बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच होतं, गहू नव्हताच. आजच्या जर्मनीत माल्ट केलेला गहू चालतो, साधा नाही, हे खरं. पण शेजारच्या बेल्जियमची विटबिअर जवळपास निम्म्या साध्या गव्हाचीच असते, सोबत धणे आणि संत्र्याची साल. ती बंद पडली होती. हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६मध्ये ब्रुअरी काढून ती पुन्हा उभी केली. लॅम्बिक या रानटी यीस्टवर आंबवलेल्या बेल्जियन बिअरमध्येही ३० ते ४० टक्के साधा गहू असतो. तिथे तर मॅशमधलं दुधाळ पाणी मुद्दाम काढून घेतात, म्हणजे न मोडलेल्या लांब साखळ्या उरतात आणि रानटी यीस्टना पुढचे कित्येक महिने खायला मिळतं.

गढूळपणाचंही तेच. गव्हातली प्रथिनं आणि पॉलिफेनॉल (तुरट घटक) एकत्र येऊन जो धूसरपणा येतो तो विटबिअरचा गुणच आहे, आणि त्याच प्रथिनांमुळे फेस टिकतो. स्टार्च राहिल्यानेही बिअर गढूळ होऊ शकते, पण मघाच्या आयोडीनच्या थेंबात ते आधीच कळतं. चव आंबूस लागली, वास बिघडला, तर ती खराब. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.

गाळणी तुंबते, हे मात्र मान्य. गव्हाच्या दाण्याला बार्लीसारखं फोलपट नाही, आणि त्यातल्या अरॅबिनोझायलन या डिंकासारख्या घटकामुळे वॉर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) दाट, चिकट होतं. पण त्याला उपाय आहे. मावळातल्या भातगिरणीतून भाताचं तूस आणायचं, दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि धान्याच्या सुमारे पाच टक्के मिसळायचं. मॅश ६५ला नेण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ४५-५० अंशांना थांबवला तर आणखी सोपं जातं. साधा गहू माल्टपेक्षा खूप कडक असतो, माल्टच्या अंतरावर लावलेल्या रोलरमधून तो सबंधच निसटतो. तो वेगळा, अंतर कमी करून काढावा. नाहीतर गिरणीवाल्याकडून जाडा भरडा करून घ्यायचा किंवा सरळ लापशी रवा वापरायचा. चपातीची कणीक मात्र नको, तिचा थर गाळणीवर लेपासारखा बसतो. आणि निम्म्याच्या पुढे जाऊ नका : साध्या गव्हातून यीस्टला लागणारी अमिनो आम्लं माल्टपेक्षा कमी उतरतात, त्यामुळे किण्वन रेंगाळतं.