चाकातलं दूध

मागच्या रविवारी सकाळी साडेनऊला, जांबोटीच्या पलीकडच्या एका बसथांब्यावर एका आज्जीने मला वीस रुपये दिले. मी मागितले नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर ही गोष्ट ‘मागितले’ अशीच फिरते आहे.

झालं असं की पुण्याच्या भाच्याच्या नादाने मी ग्रॅव्हल बाईक घेतली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, 40 मिलिमीटरचे जाड टायर, डिस्क ब्रेक. डांबरी सोडून खडीमातीच्या वाटांवर पळवायची सायकल. भाचा म्हणाला, अमेरिकेत एम्पोरिया नावाच्या गावी 2006 पासून लोक अशा रस्त्यांवर 200 मैल हाणतात, आणि 2022 पासून तर याचं जागतिक अजिंक्यपदही आहे, पहिलं इटलीत झालं. मी म्हटलं, अरे, खडी पसरून ठेकेदार गायब झालेला रस्ता हा आमच्या तालुक्यातला राष्ट्रीय प्रकार आहे, त्यासाठी इटलीला कशाला जायचं? हे बोललो आणि अडकलो. पुढच्या महिन्यात सायकल दारात होती.

कारण खरं दुसरंच होतं. मी बेळगावात, टिळकवाडीत राहतो. आमच्याकडे पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं सांगतात, म्हणजे रेल्वेची फाटकं. आता ते पत्ते राहिले नाहीत, शिक्षेची कलमं झाली आहेत. 1924 साली गांधीजी ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्याच्या नावाचा आमचा काँग्रेस रोड. त्या अधिवेशनाला माणसं बैलगाडीतून आली असतील, तीसुद्धा आजच्यापेक्षा लवकर पोचली असतील. लहानपणी मी याच रस्त्याने हात सोडून सायकल चालवत शाळेत गेलोय. आता दोन्ही हात, दोन्ही पाय आणि कुलदैवत एवढं सगळं लागतं. मागून हॉर्न, पुढून उलट्या बाजूने येणारा, आणि मध्ये गेल्या वर्षी खणलेला आणि या वर्षी परत खणलेला चर. असो. चिडलो की मला दम लागतो.

तर ‘बिनरहदारीचा रस्ता’ या दोन शब्दांसाठी मी पहाटे सहाला बाहेर पडतो आणि तीस किलोमीटर डांबर तुडवून जांबोटीच्या जंगलात शिरतो. तिथे मग खरोखर स्वर्ग. जांभ्याची लाल वाट, ऐन-किंजळाची झाडं, भात कापून झालेली शेतं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा इथे अजून परकरात आहे, दगडांवरून उड्या मारत जाते. भीमगडचं अभयारण्य बाजूलाच. दोन तासांत मला वाहतूक म्हणून एक बैलगाडी आणि गव्याचं ताजं शेण भेटलं. वाटेचं नाव-गाव सांगणार नाही. मागे एका धबधब्याचं सांगितलं होतं, आता तिथे रीळवाले आणि दारूच्या बाटल्या सम प्रमाणात सापडतात.

आणि नेमकं तिथे मागचं चाक फाटलं. जांभ्याच्या धारेवर टायरला बोटभर चीर गेली. हे टायर ट्यूबलेस. आत ट्यूब नसते, पांढरं द्रावण घातलेलं असतं, काटा शिरला की ते आपोआप भोक बुजवतं. भाच्याने छातीठोक सांगितलं होतं, ‘मामा, पंक्चर हा शब्द विसरा.’ चीर मोठी असली तर ते द्रावण भोक बुजवत नाही, कारंजं होतं, हे सांगायचं तो विसरला. माझी काळी चड्डी, पोटऱ्या, चष्मा, सगळ्यावर पांढरे शिंतोडे. तसाच सायकल ढकलत चार किलोमीटर चालत डांबरी रस्त्याच्या थांब्यावर आलो. सायकलच्या बुटांच्या तळाला लोखंडी कडी असते, त्यामुळे चालताना टकटक आवाज होतो आणि माणूस बदकासारखा दिसतो.

थांब्याच्या कट्ट्यावर आज्जी बसल्या होत्या. बाजूला रताळ्यांची पिशवी. त्यांनी मला खालून वर, मग वरून खाली असं दोनदा वाचलं.

“दूध सांडलास की रे.”

“दूध नाही आज्जी, चाकातलं औषध आहे.”

“चाकाला काय झालंय?”

“काही नाही. म्हणजे होऊ नये म्हणून घालतात.”

“मग झालं की.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

“ट्यूबमधनं आलं काय ते?”

“ट्यूब नसते याला.”

आज्जींनी चाकाकडे दयेने पाहिलं. एखाद्या मुलाला आईच नाही म्हटल्यावर पाहतात तसं. “चाकात दूध घालून फिरूलास, आणि ट्यूब घातली न्हाई. आमच्याकडं चहाला दूध मिळंना झालंय. केवढ्याची?”

खरी किंमत सांगायची माझी हिंमत झाली नाही. “पंधरा हजार,” म्हटलं. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के खोटं.

“पंधरा हजार! आणि स्टँड दिला न्हाई?”

“नसतो याला.”

“घंटी?”

“नाही.”

“कॅरिअर पण न्हाई. मडगार बी न्हाई.” त्या आता सायकलभोवती फिरून पंचनामा करत होत्या. “रे, फसवलं तुला. सगळं काढून घेऊन नुसता सांगाडा दिलाय. कुठल्या दुकानात घेतलास? पावती हाय काय?”

मी सांगायला लागलो की वजन कमी असावं म्हणून हे सगळं मुद्दाम काढलेलं असतं. आज्जींची नजर माझ्या पोटावर स्थिर झाली. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चड्डीचा विषय निघाला. सायकलच्या चड्डीला मागून आतून जाड गादी शिवलेली असते. ती त्यांना मी वळल्यावर दिसली. “मागं काय बांधलंस?” सांगितलं. त्या विचारात पडल्या. “बसायची गादी अंगावर घेऊन फिरतोस, तर बसमधी बसत का न्हाईस? तिथं सीटला गादी असती.”

“मला सायकलच आवडते आज्जी. इथे ट्रॅफिक नाही ना, म्हणून येतो बेळगावाहून.”

“काय न्हाई?”

“गाड्या. रस्ता रिकामा असतो. फार छान.”

आज्जी पहिल्यांदा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “दोन बसा हाईत. एक ही, एक सांजची. पावसात ही पण येत न्हाई. सून अडली होती तवा रातभर कुणाची गाडी गावंना झाली, टॅक्टरमधनं नेली खानापूरला. रस्ता रिकामा हाय खरा.”

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो. मी हेल्मेटचा पट्टा उगाच काढला आणि परत लावला.

त्यांनी पिशवीतून एक उकडलेलं रताळं काढून दिलं. ते मात्र मी दोन घासांत संपवलं. माझ्या खिशात परदेशी पाकिटातली, वाळलेल्या गोंदासारखी लागणारी शक्तिवर्धक वडी होती. ती मी बाहेर काढली नाही. तिचीही किंमत विचारली गेली असती.

“मी दर रविवारी लेकीकडं जातो,” आज्जी सांगत होत्या. (आमच्याकडे बायकाही ‘जातो, येतो’च म्हणतात. भाच्याला त्यात व्याकरणाची चूक दिसते, चाकातली चूक दिसत नाही.) “बायकांना फुकट केल्यापासनं जातो. आधी वर्षातनं दोनदा. तुला पैसे पडतात न्हवं?”

“हो, पुरुषांना पडतात.”

“म्हणून सायकल,” असं म्हणून त्यांनी मान हलवली. सगळा उलगडा झाला होता.

मी ‘नाही, तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात बस आली. सायकल आत घ्या म्हणून कंडक्टरला विनवलं. “सायकल आगंगिल्ल री,” तो कानडीत म्हणाला, म्हणजे जमणार नाही. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, तिन्ही भाषांत सायकल चढत नव्हती. आज्जी शिरल्या, आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतलं, खिडकीची जागा धरली. आणि मग तो प्रकार झाला. कनवटीतून चार घड्यांची वीसची नोट काढून त्यांनी खिडकीतून माझ्या मुठीत कोंबली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चा पी. पुढच्या बारीला चालत येऊ नको, बसनं ये. सायकल विकून टाक, आलं तेवढं आलं.”

बसमधल्या तीस-पस्तीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. एक मुलगी ‘श्श्’ म्हणाली. एक गृहस्थ तर खिशाकडे हात नेत होते, पण ड्रायव्हरने वेळीच गिअर टाकला. देव त्याचं भलं करो.

मला राग कशाचा आला, हे आठवडाभर ठरवतोय. नोकरीत 28 वर्षं काढली, मुलीचं लग्न केलं, घराचे हप्ते फेडले, आणि माझी पत पाच मिनिटांत वीस रुपयांवर आली, याचा? की ‘नको’ म्हणायला मला वेळ असूनही मी नोट घेतली, याचा? भाच्याला फोन केला तर तो हसून हसून खोकला. म्हणाला, ‘मामा, एक जादा ट्यूब ठेवायची असते बरोबर.’ आता सांगतोय.

घरी भाताच्या पोत्यांच्या टेम्पोतून आलो. मोबाईलमधलं सायकलचं अ‍ॅप बंद करायचं राहिलं होतं, त्यामुळे एका चढावर मी परिसरातला सर्वात वेगवान सायकलस्वार ठरलो. ग्रुपवर अभिनंदन झालं. मी आभार मानले.

नोट परत द्यायची म्हणून आज पुन्हा गेलो. नवा टायर, आत द्रावण, वर जादा ट्यूब, मडगार्ड आणि एक घंटीसुद्धा बसवून घेतली होती. घंटी मी लांबूनच वाजवली. आज्जी कट्ट्यावरच होत्या. मी नोट पुढे केली, म्हटलं, “आज्जी, हे तुमचे.” त्यांनी नोटेकडे पाहिलं नाही, सायकलकडे पाहिलं.

“विकली गेली न्हाई व्हय?” त्या हळहळल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांचा हात पुन्हा कनवटीला गेला.

आता चाळीस झालेत.