बॉबिन तेलात बुडवायच्या आधी निडल प्लेट तरी उघडा

मशीनवर क्विल्टिंग करताना, म्हणजे दोन कापडांत कापसाचा थर घालून तिन्ही एकत्र शिवताना, खालचा दोरा (बॉबिन नावाच्या छोट्या रिळावरचा) सारखा तुटतो, त्यावर "सहा रामबाण उपाय" सांगणारा एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चारदा आला. तीनदा न वाचताच पुढे गेले. चौथ्यांदा तो मावशीनं पाठवला आणि खाली लिहिलं, "यातला तिसरा केला. आता मशीन घरघरतंय, आणि दोरा तुटायचा तो तुटतोच आहे. येतेस का बघायला?"

गेले. मशीन उघडलं तेव्हा आत काय दिसलं ते पुढे सांगते. आधी तो मेसेज, कारण ज्यांना अजून आला नसेल त्यांना उद्या येईलच. एक : खालचा दोरा तुटतो तो वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, जास्त असल्यामुळे, म्हणून वरचा डायल शून्यावर न्या. दोन : तरीही तुटला तर बॉबिन केसचा (बॉबिन ज्यात बसते तिचा) स्क्रू दोन पूर्ण फेरे सैल करा. तीन : भरलेली बॉबिन पातळ तेलात बुडवून मग बसवा, चार थेंब बॉबिन केसमध्येही सोडा, तेल घरातलं कुठलंही चालेल. चार : दोऱ्याचं रीळ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पाच : हातानं क्विल्टिंग करायचा दोरा बॉबिनमध्ये भरा, तो तुटूच शकत नाही. सहा : मशीन पूर्ण वेगात पळवा, हळू चालवलं की दोरा तुटतो.

मशीन कोणतं, बॉबिन उभी बसते की आडवी, दोरा सुती की पॉलिएस्टर, यातलं काहीही न विचारता सगळ्यांना एकच औषध.

पहिल्या उपायात एक मूळ घोळ आहे, तो आधी काढू. आपण घरच्या मशीनवर घालतो तो लॉकस्टिच, म्हणजे कारखान्यांच्या भाषेत ३०१ नंबरचा टाका. सुई खाली जाते, किंचित वर येते, तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं टोक तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. या एका फेरीसाठी वरचा दोरा कित्येक सेंटिमीटर खाली ओढला जातो आणि लगेच वर खेचला जातो. टाक्यात बसायच्या आधी त्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून पुढे-मागे डझनावारी वेळा घासतो. आणि खालचा दोरा? टाका अडीच मिलिमीटरचा असेल तर तो एका टाक्याला तेवढाच आणि वर थोडासा सरकतो. बॉबिनमधून निघाला, केसच्या पट्टीखालून आला, निडल प्लेटच्या, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पट्टीच्या, भोकातून वर गेला, संपलं. सगळ्या मशीनमध्ये सगळ्यात कमी कष्ट याच दोऱ्याला. असा आरामात बसलेला दोरा सारखा तुटत असेल तर त्याला कोणी फार ओढतंय असं समजण्याआधी तो कुठे अडतोय, कुठे घासतोय ते बघायला हवं.

हे माझं डोकं नाही. जानोमे कंपनीच्या कित्येक घरगुती मशिनांच्या माहितीपुस्तकात शेवटी तक्रारींचा तक्ता असतो. "बॉबिनचा दोरा तुटतो" या तक्रारीसमोर तिथे तीन कारणं आहेत : दोरा बॉबिन होल्डरमध्ये (आडव्या बॉबिनच्या प्लॅस्टिकच्या केसमध्ये) नीट ओवलेला नाही, होल्डरमध्ये लव, म्हणजे कापसाची बारीक धूळ, साचली आहे, बॉबिन खराब झाल्यामुळे नीट फिरत नाही. वरचं टेन्शन त्या चौकटीत नाहीच. ते आहे त्याच्या वरच्या चौकटीत, "सुईचा दोरा तुटतो" या तक्रारीसमोर. ज्यांनी मशीन बनवलं त्यांनी दोन तक्रारी वेगळ्या मांडल्या, आणि मेसेजवाल्यानं एकीचं औषध दुसरीला दिलं. हा तक्ता मावशीच्या कपाटात, मशीन आलेल्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतसुद्धा न उघडलेला पडला होता.

बरं, यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. वर जाड, मजबूत पॉलिएस्टर आणि खाली बारीक सुती दोरा असेल, आणि वरचं टेन्शनही घट्ट असेल, तर वरचा खालच्याला दर टाक्याला कापडातून वर खेचत राहतो आणि कधी तोडतोही. पण ते ओळखता येतं : खालच्या दोऱ्याचे ठिपके क्विल्टच्या वरच्या बाजूला दिसायला लागतात. तसं दिसलं तर डायल अर्धा-एक आकडा कमी करा. शून्यावर नेलात तर उलट बाजूला फासांच्या पापण्या दिसतील, मग खाली गुंता होईल, आणि गुंता ओढताना खालचा दोरा तुटेल. म्हणजे पुन्हा तीच तक्रार घेऊन तुम्ही मेसेजचा दुसरा उपाय उघडणार.

दुसऱ्याबद्दल थोडक्यात. त्या स्क्रूला हात लावायचाच नाही असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण दोन पूर्ण फेरे? तो एवढासा स्क्रू दोन फेऱ्यांत निघून पडतो आणि नेमका मशीनच्या पोटात जातो. फिरवायचाच तर आधी पेनानं खूण करा, मग घड्याळाचा मिनिटकाटा पाच-दहा मिनिटांत जेवढा सरकतो तेवढाच फिरवा. उभी बसणारी धातूची केस असेल तर दोऱ्याला धरून ती हवेत लटकवा. नुसती धरल्यावर जागेवर राहिली आणि हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली, तर स्क्रू ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. आणि स्क्रू फिरवायच्या आधी त्या पट्टीखाली काय अडकलंय ते बघा. लवेचा एक दाणा तिथे बसला तरी दोरा कधी सैल, कधी घट्ट येतो. जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवला की तो निघतो. टाचणी घालू नका, ओरखडा पडेल, आणि दोऱ्याला अडायला तेवढा ओरखडा पुरतो.

आता तिसरा उपाय, ज्यानं मला घरातून उठवलं.

मावशीच्या मशीनची निडल प्लेट काढली तर आत कापड सरकवणारे दाते दिसेनात. दोन दात्यांच्या मधे, हुकाच्या कडेनं, बॉबिन होल्डरच्या खाली करड्या रंगाचा लगदा. हाताला पुट्टी लागावी तसा. क्विल्टच्या मधल्या थरातून, म्हणजे बॅटिंगमधून, सुई प्रत्येक टाक्याला थोडा कापूस खाली घेऊन येते. सुती बॅटिंग तर लव सोडण्यात पटाईत. एरवी ही लव कोरडी असते, ब्रश फिरवला की सुटते. तिच्यावर तेल पडलं की झाला लगदा. चिमटा, ब्रश आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन मी दीड तास बसले. मावशी शेजारी. "अगं, तेल म्हणजे मशीनला चांगलंच ना?" तिचंही चूक नाही, आपण सगळ्या हेच ऐकत मोठ्या झालो.

पण तेल कुठे आणि कोणतं, हे दोन प्रश्न त्या मेसेजमध्ये नाहीतच. धातूचा हूक आणि उभी बॉबिन केस असलेल्या बऱ्याच मशिनांना हुकाच्या कडेच्या खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लागतो, हे खरं. वरून आडवी बॉबिन बसणाऱ्या, काळ्या प्लॅस्टिकच्या होल्डरच्या बऱ्याच मशिनांना तिथे तेल घालायचंच नसतं. मावशीचं दुसऱ्या प्रकारचं. आणि "घरातलं कुठलंही" म्हणजे तर कहर. शिलाई मशीनचं तेल खनिज असतं, ते पातळच राहतं. वनस्पतींपासून काढलेली तेलं हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होतात. आज मशीन गुळगुळीत चाललं म्हणून खूश व्हाल, काही महिन्यांनी चाक हातानं फिरणार नाही.

आणि तेलात बुडवलेली बॉबिन? तो दोरा शेवटी जातो कुठे? क्विल्टमध्ये! मावशीच्या क्विल्टच्या मागच्या कापडावर, फिकट पिवळ्यावर, चौथ्या ओळीपासून टाक्यांच्या दोन्ही बाजूंना तेलकट पट्टा उमटला होता. महिनाभर तुकडे जोडून केलेलं काम. दोऱ्यासाठी सिलिकॉनचं वंगण मिळतं, काही जणी ते रिळावर एखादी रेघ ओढून वापरतात, त्यावरूनच कोणीतरी ही बुडवाबुडवी काढली असणार. पण तेही दोऱ्यापुरतं. प्लेटला खाच पडली असेल तर दोरा कितीही बुळबुळीत केला तरी ती खाच त्याला कापणारच.

आणि खाचच होती. लगदा निघाल्यावर मी कापसाचा एक पुंजका घेऊन प्लेटच्या भोकाच्या आतल्या कडेनं फिरवला. एका जागी तो अडकला, तंतू मागे राहिले. भिंग लावून पाहिलं तर भोकाच्या मागच्या कडेला बारीक कुसळ उभं. मावशीला विचारलं, मधे सुई मोडली होती का? "हो, गेल्या आठवड्यात. पण त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध तिथेच. क्विल्ट मोठं, अर्धं टेबलाखाली लोंबकळत होतं. दाते खाली करून हातानं कापड फिरवताना त्या वजनाचा झटका बसतो आणि कापडात रुतलेली सुई वाकते. वाकलेली सुई भोकात न जाता प्लेटच्या कडेवर आपटते. सुई मोडते, आपण नवी घालतो, विषय संपला असं वाटतं. प्लेटवर उठलेलं कुसळ मात्र राहतं, आणि त्यानंतर वर येणारा खालचा दोरा तिथे घासत बसतो. मावशीनं तुटलेली टोकं फेकली नव्हती, मशीनशेजारच्या डबीतच होती. सगळी ब्रशसारखी पिंजलेली. पिंजलेलं टोक म्हणजे घासून तुटलेला दोरा. ताणामुळे तुटला असता तर तो असा पिंजला नसता. डायलला हात लावायच्या आधी हे टोक बघायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

अगदी बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून भोकाची कड घासली, कापूस पुन्हा फिरवला, अडकला नाही. बॉबिनच्या कडाही तशाच तपासल्या. प्लॅस्टिकच्या दोन बॉबिनांची कड खरखरीत निघाली, त्या टाकल्या. तिसरी निघाली दुसऱ्याच जातीची. क्लास १५ आणि क्लास ६६ या बॉबिनांच्या दोन जाती वरवर सारख्याच दिसतात, पण १५ च्या बाजू सपाट आणि ६६ च्या किंचित फुगीर असतात. चुकीची बॉबिन बसल्यासारखी वाटते, फिरताना मात्र अडखळते.

फ्रीजर. यावर हसून सोडणार होते, पण इथेही एक कण खरा आहे. सुती दोरा अगदी कोरडा पडला की कमजोर होतो, दमट असताना जास्त ताण घेतो. एवढंच. उन्हात वर्षानुवर्षं पडून कुजलेला दोरा थंडीनं तरुण होत नाही. हातभर दोरा घ्या, दोन्ही हातांनी ओढा. पटकन् तुटला तर ते रीळ कच्च्या टाक्यांसाठीसुद्धा ठेवू नका.

पाचव्याबद्दल मात्र ताकीद. हातानं क्विल्टिंग करायच्या दोऱ्यावर बहुतेक वेळा मेणासारखा लेप असतो, तो हाताच्या सुईसाठी. मशीनमध्ये तो लेप पट्टीखाली आणि टेन्शनच्या चकत्यांमध्ये खरवडून साचतो. आज दोरा तुटणार नाही, उद्या चांगला दोराही नीट सरकणार नाही. खाली ५० किंवा ६० नंबरचा साधा, लांब तंतूंचा दोरा पुरतो. नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक, हे उलटं गणित एकदा लक्षात ठेवलं की झालं. मुख्य म्हणजे बॉबिन भरताना घाई करू नका. मध्यम वेग, दोरा भरणीच्या चकतीत नीट बसवलेला, आधीच्या रंगावर दुसरा रंग नाही, काठोकाठ नाही, आणि सुरुवातीचं शेपूट कापलेलं. ढिली भरलेली बॉबिन असेल तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो आणि मधेच दोरा अडतो. बाहेरून काही दिसत नाही.

सहाव्याचं काय सांगू. पूर्ण वेगात जाऊन अचानक थांबलात की बॉबिन आपल्याच झोकात आणखी फिरते, सैल झालेला दोरा आत गुरफटतो आणि पुढच्या टाक्याला तुटतो. हात आणि पायाचा वेग जुळायला हवा, तो वेग कमी का असेना.

मावशीनं त्या संध्याकाळी टेबलाला लागून दुसरं टेबल ओढलं, क्विल्ट त्यावर पसरलं, ९०/१४ मापाची नवी क्विल्टिंग सुई घातली, सुरुवातीला खालचा दोरा वर काढून घेतला आणि दोन बॉबिना संपेपर्यंत शिवत बसली. एकदाही तुटला नाही. डायल होता तिथेच, चारवर. तेलाचे पट्टे धुऊन बरेच गेले, एक अजून दिसतो. त्यावर ती एक पान शिवणार आहे म्हणे.