‘जनावराला विष कळतं’ या भरवशावर कुरणातलं तण तसंच सोडू नका

‘मोकळं चरणारं जनावर विषारी पाल्याला तोंड लावत नाही. शेळी खाते ते गायीलाही चालतं. आणि वाळला की पाल्यातलं विष जातं, त्यामुळे कुरणातलं तण उपटत बसू नका.’ हा संदेश पशुपालकांमध्ये जोरात फिरतो आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो आणि जनावरं मरतात.

तथ्य एवढंच की जनावर शिकतं. अमेरिकेत फ्रेड प्रोव्हेन्झा या संशोधकांनी मेंढ्या-शेळ्यांवर बरंच काम केलं. चारा खाल्ल्यावर पोटात काय होतं त्यावरून जनावर त्या चवीची आवडनावड ठरवतं आणि पिल्लं आईचं पाहून शिकतात, हे त्यातून दिसलं. पण त्रास काही तासांत झाला तरच हा धडा मिळतो. सेनेसिओ जातीच्या वनस्पतींमधली अल्कलॉइडं (विषारी द्रव्यं) यकृत सावकाश निकामी करतात. लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. एवढ्या जुन्या घासाशी आजचं दुखणं जनावर जोडणार कसं?

याहून भयंकर उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं. तिथल्या मेंढ्यांच्या कळपांत कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येत होती. १९५०च्या दशकात संशोधकांनी कारण शोधायला घेतलं आणि माग लागला तो डोंगराळ कुरणांतल्या व्हेराट्रम या वनस्पतीचा. गाभण राहिल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी मेंढीने ती खाल्ली, तर त्यातलं सायक्लोपामिन हे विष कोकराच्या मेंदूची आणि चेहऱ्याची घडण बिघडवतं. मेंढी मात्र चरत राहते आणि परिणाम दिसतो तो साडेचार महिन्यांनी, विण्याच्या वेळी. ज्या आईला स्वतःला काही झालंच नाही, तिने काय ओळखावं?

शिकलेला धडा टिकतोच असंही नाही. लोकोवीड हे विषारी तण खाऊ घालून लगेच मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड देत संशोधकांनी गुरांच्या मनात त्या झाडाची नावड बसवली. ती गुरं वेगळी चरली तेव्हा नावड टिकली. ते झाड खाणाऱ्या गुरांत मिसळली, तेव्हा त्यांचं पाहून पुन्हा खाऊ लागली. आपण कळपात चारतो, म्हणून मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

भुकेचंही तसंच आहे. दक्षिण आफ्रिकेतलं गिफब्लार हे विषारी झुडूप गवताआधी हिरवं होतं. त्यात फ्लुरोअॅसिटेट हे विष असतं, थोडी पानंही हृदय बंद पाडतात. बाकी रान सुकलेलं असताना भुकेलं जनावर त्या हिरव्याकडेच जाणार.

आता शेळीचा मुद्दा. सुबाभळीच्या पाल्यातल्या मिमोसिन या विषामुळे ऑस्ट्रेलियातली गुरं आजारी पडत होती, पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या संशोधकांनी कारण शोधलं ते कोठीपोटात: त्या शेळ्यांच्या पोटात ते विष मोडणारे जिवाणू होते. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिल्यावर त्यांनाही पाला पचू लागला. म्हणजे संरक्षण त्या जिवाणूंचं होतं. ते ज्याच्या पोटात नाहीत, त्या जनावराला शेळीचा दाखला उपयोगाचा नाही.

वाळल्यावर विष जातं, हा समज बहुधा ज्वारीवरून आला असावा. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या फुटव्यांमुळे किराळ (ज्वारीची विषबाधा) लागते, ती सायनाइडमुळे. नीट वाळवलेल्या कडब्यात ते बरंच कमी होतं. पण कण्हेरीचं वाळलेलं पानही मारतं. सेनेसिओचं विष तर वाळलेल्या गवतातही टिकतं आणि मुरघासातही. उलट वाळल्यावर त्याचा कडवटपणा कमी होतो, मग ताजं असताना टाळणारं जनावरही ते गवतासोबत खाऊन टाकतं.

तेव्हा तण उपटाच, विशेषतः चारा कापण्याआधी. बाहेरून आणलेलं किंवा लांबच्या प्रवासातून उतरलेलं जनावर उपाशीपोटी अनोळखी कुरणात सोडू नका. आधी पोटभर चारा-पाणी द्या. आणि चरून आल्यावर एखादं लडखडलं, धापा टाकू लागलं, तर त्याने काय खाल्लं असेल त्याची फांदी सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकाला गाठा. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेटची इंजेक्शनं आहेत, पण ती वेळेत शिरेत जावी लागतात.