पुझोनं नोकरीला लाथ मारून ‘गॉडफादर’ लिहिली नव्हती

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. इतक्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून उचलतानाच छातीत धस्स झालं. “तुझा भाचा राजीनामा टाइप करून बसलाय,” ती म्हणाली. “मला म्हणतो, आई, गॉडफादरवाल्यानं पण हेच केलं होतं. कोण गं हा माणूस?”

हा माणूस म्हणजे मारिओ पुझो, अमेरिकन कादंबरीकार आणि पटकथाकार. भाच्याला तो भेटला एका फॉरवर्डमधून. तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा आणि वाचकांच्या एका ग्रुपवर एकदा येऊन गेला होता, आणि मी तिन्ही वेळा न वाचता पुढं सरकले होते. ताईनं पाठवला तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. मजकूर थोडक्यात असा: पुझो हा शाळा अर्धवट सोडलेला, न्यूयॉर्कमधल्या माफिया टोळीचा हिशेबनीस. पंचेचाळिशीपर्यंत त्यानं एक ओळ लिहिली नव्हती. मग एके दिवशी त्यानं सरकारी नोकरीला लाथ मारली, वीस हजार डॉलरचं कर्ज काढलं, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं आणि तीन महिन्यांत ‘द गॉडफादर’ लिहून रातोरात कोट्यधीश झाला. पटकथा कशाशी खातात हे माहीत नसताना एकट्यानं पटकथा लिहिली आणि दोन ऑस्कर घेऊन गेला. शेवटी ठळक अक्षरांत: ‘सुरक्षित नोकरी ही गुलामी आहे. कर्ज काढा, उडी मारा.’

भाचा एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक आहे. कथा लिहितो, चांगल्या लिहितो, दोन दिवाळी अंकांत आल्याही आहेत. ताईच्या घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. म्हणून हा मेसेज हसून सोडून देण्यातला नाही.

माझा आधार मुख्यतः एकच आहे, पण तो पक्का आहे: खुद्द पुझो. १९७२ साली ‘द गॉडफादर पेपर्स’ नावाचं त्याच्या लेखांचं पुस्तक निघालं. त्यात ही कादंबरी आणि त्यावरचा सिनेमा कसा झाला, यावर त्याचा मोठा लेख आहे. स्वतःची लाज झाकायचा त्यात कुठंही प्रयत्न नाही. मेसेज बनवणाऱ्यानं तो लेख उघडला असता, तर मेसेजमधली निम्मी वाक्यं लिहायला त्याचा हात धजावला नसता.

आधी नोकरी आणि कर्ज, कारण घर बुडतं ते तिथं.

पुझो दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कला परतला आणि वर्षानुवर्षं सरकारी कारकुनी करत राहिला. बायको आणि पाच मुलं. लिहायचं ते कारकुनी सांभाळून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं ती नोकरी सोडली हे खरं, पण सोडून तो घरी बसला नाही. पुरुषांसाठी साहसकथा छापणाऱ्या मासिकांच्या कचेरीत त्यानं दुसरी पगाराची नोकरी धरली. तिथं तो ‘मारिओ क्लेरी’ या टोपणनावानं युद्धाच्या, पाणबुड्यांच्या, पळून सुटलेल्या कैद्यांच्या गोष्टी पाडायचा. होय, पाडायचा. त्या गोष्टींवर त्याचं घर चालत होतं.

‘गॉडफादर’ लिहायला त्याला तीन महिने लागले नाहीत, तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत काय काय केलं ते त्यानंच लेखात मोजून सांगितलंय. दर महिन्याला मासिकासाठी तीन साहसकथा, मधेच मुलांसाठी एक कादंबरी, शिवाय बरीच पुस्तक परीक्षणं आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांसाठी लेख. मग खोलीत कोंडून घेतलं कधी? महिन्याला तीन गोष्टी छापायला देणारा माणूस नोकरीला लाथ मारलेला नसतो. तो दुप्पट राबत असतो.

वीस हजार डॉलरचा आकडा मात्र खरा आहे. तो मला मान्य करावाच लागतो, कारण पुझोनं स्वतःच दिलाय. आपण पंचेचाळीस वर्षांचे होतो आणि नातेवाईक, बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या, पैजा घेणारे बुकी आणि खाजगी सावकार या सगळ्यांचं मिळून वीस हजार डॉलर देणं होतं, असं तो लिहितो. आता ती यादी पुन्हा वाचा. त्यात बुकी आहेत, सावकार आहेत. कादंबरी लिहिण्यासाठी उभं केलेलं हे भांडवल नव्हतं. पाच मुलांचा संसार आणि जुगाराचं वेड यांतून साठत गेलेलं ते देणं होतं. जुगार त्याला आयुष्यभर आवडला, पुढं लास वेगासवर त्यानं एक अख्खं पुस्तक लिहिलं. घेणेकरी दारात होते म्हणून त्यानं खपणारं पुस्तक लिहायला घेतलं. कर्जामुळं त्याला लिहिता आलं असं नाही, उलट कर्जामुळं हवं ते लिहिता आलं नाही. आपल्या कुवतीपेक्षा खालच्या दर्जाचं आपण या पुस्तकात लिहिलं, आणि ते इतके लोक वाचणार हे ठाऊक असतं तर अधिक चांगलं लिहिलं असतं, हे त्याचंच म्हणणं आहे. हे वाक्य त्या मेसेजमध्ये कुणी का घातलं नाही?

आणखी एक. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यानं हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती दिलं ते पूर्ण समाधान झाल्यावर नव्हे. आगाऊ रकमेचा शेवटचा बाराशे डॉलरचा हप्ता हवा होता म्हणून दिलं. बायको जर्मनीची, वीस वर्षांत माहेरची माणसं भेटली नव्हती, तिला न्यायचं कबूल केलं होतं. त्या प्रवासाहून परतला तेव्हा डोक्यावर आणखी आठ हजारांचं देणं होतं. पुस्तक बुडालं असतं तर या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार मेसेज पुढं ढकलणाऱ्या एकानंही केलेला दिसत नाही. त्याच वर्षी अशीच देणी घेऊन लिहायला बसलेल्या आणि पुस्तक न खपलेल्या माणसांवर मेसेज येत नाहीत.

‘तोवर एक ओळ लिहिली नव्हती’ हे तर धादांत खोटं. पुझोची पहिली कथा १९५० मध्ये छापून आली. पहिली कादंबरी ‘द डार्क अरीना’ १९५५ मध्ये, दुसरी ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ १९६५ मध्ये. ‘गॉडफादर’ १९६९ ची. म्हणजे रातोरात यश यायच्या आधी एकोणीस वर्षं तो छापला जात होता. पहिल्या दोन कादंबऱ्यांचे मिळून त्याला साडेसहा हजार डॉलर मिळाले. दोन कादंबऱ्या, दहा वर्षं आणि साडेसहा हजार. शाळा सोडल्याचंही तसंच. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकार शिकायला पैसे देत होतं, त्यातून तो न्यूयॉर्कमध्ये न्यू स्कूल आणि कोलंबिया विद्यापीठात शिकला.

१९५५ चा नाताळ त्यानं मुलाखतीत सांगितलाय. पित्ताशयाची भयंकर कळ आली म्हणून तो टॅक्सी करून माजी सैनिकांच्या इस्पितळात गेला, टॅक्सीतून उतरला आणि दारातच गटाराशी कोसळला. मी पुस्तक छापलेला लेखक आणि इथं कुत्र्याच्या मौतीनं मरतोय, असं तेव्हा मनात आलं, आणि श्रीमंत व्हायचं त्यानं तिथंच ठरवलं. मेसेजवाल्यांना आवडेल असाच प्रसंग आहे. पण त्यानंतर झालं काय? उठून तो परत कचेरीत गेला. पुढची दहा वर्षं खर्चून त्यानं जी कादंबरी लिहिली तिचे तीन हजार डॉलर आले.

आता माफिया. आडनाव इटालियन म्हणजे टोळीतला, एवढाच या मुद्द्यामागचा विचार आहे आणि तो मला किळसवाणा वाटतो. पुझोचे वडील रेल्वेच्या रुळांवर काम करणारे मजूर होते. मारिओ बारा वर्षांचा असताना त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, ते घरी परतले नाहीत. मॅनहॅटनच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत, रेल्वेच्या यार्डाशेजारी, आईनं एकटीनं सात मुलं वाढवली. टोळीचा हिशेब या घरात कधी आणि कुणी ठेवला? पुझो स्पष्ट लिहितो की सांगायला लाज वाटते, पण ‘गॉडफादर’ पूर्णपणे वाचून, माहिती जमवून लिहिली, खराखुरा गुंड आपल्याला कधी भेटलाच नव्हता. जुगाराचं जग ओळखीचं होतं, बस्स. पुस्तक गाजल्यावर त्या धंद्यातल्या काही मंडळींशी त्याची गाठ घालून दिली गेली. हा माणूस आपल्यातला नव्हता, यावर ती मंडळी विश्वासच ठेवायला तयार नव्हती! त्याच्या लेखणीची याहून मोठी पावती कुठली? आणि ती पावती हा मेसेज त्याच्याकडून काढून घेतो. लिहिणाऱ्यानं ते जगलेलंच असणार, नुसतं कल्पनेनं आणि अभ्यासानं एवढं उभं राहूच शकत नाही, असं मानणं हा लेखकाचा अपमान आहे. माझ्या भाच्यानं तरी हे मानू नये.

मग ‘गॉडफादर’मधल्या माफिया कुटुंबप्रमुखाचा, डॉन कोर्लिओनेचा, तो आवाज आला कुठून? हे मला त्या मेसेजपेक्षा शंभरपट महत्त्वाचं वाटतं. ‘फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’च्या नंतरच्या आवृत्तीला पुझोनं प्रस्तावना लिहिली. तो म्हणतो, गॉडफादर बोलायला तोंड उघडायचा तेव्हा मला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा. तिचं शहाणपण, तिचा कठोरपणा, घरासाठी कुठल्याही थराला जायची तिची तयारी, हे सगळं त्यानं डॉनला दिलं. ‘फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ लिहायला घेतली तेव्हाही नायक स्वतःच व्हायचं असा बेत होता, पण कादंबरीचा ताबा आईनं घेतला. ती कादंबरी त्याची स्वतःची सर्वांत आवडती. परीक्षणांत तिला छोटेखानी अभिजात कृती म्हटलं गेलं, पण खपली नाही. तिच्यात माफियाचा मसाला थोडा जास्त असता तर पैसे झाले असते, असं प्रकाशनसंस्थेतल्या एका संपादकानं त्याला सुनावलं, आणि ‘गॉडफादर’चं बी तिथं पडलं. त्याच प्रकाशनसंस्थेनं पुढं ‘गॉडफादर’चा दहा पानी आराखडा नाकारला, दुसरीनं पाच हजार डॉलर आगाऊ देऊन घेतला.

या आईची मुलाबद्दलची सर्वांत मोठी इच्छा कोणती होती? त्यानं रेल्वेत कारकून व्हावं. पुझोनं हेही लिहून ठेवलंय. तरुण असताना त्याला या गोष्टीची चीड यायची, नंतर कळलं की ती माणसं कुठून आली होती आणि महिन्याच्या ठरलेल्या पगाराचा अर्थ त्यांच्यासाठी काय होता. ताईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

ऑस्करचं पटकन उरकते. दोन मिळाली हे खरं, १९७३ आणि १९७५ मध्ये, पहिल्या आणि दुसऱ्या भागासाठी. एकट्याला नाही, दोन्ही वेळा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाबरोबर. पटकथा दोघांनी अर्धी अर्धी वाटून लिहिली आणि एकमेकांची सुधारली. बागेत बसून म्हातारा डॉन मुलाशी, मायकेलशी, शेवटचं बोलतो तो प्रसंग तर रॉबर्ट टाऊन या तिसऱ्याच लेखकाचा, आणि कोपोलानं ऑस्कर घेताना मंचावरून त्याचे आभार मानले. आधी पटकथा लिहिलेली नव्हती हे मात्र खरं. दोन ऑस्कर मिळाल्यावर पटकथालेखन शिकायला पुस्तक विकत घेतलं आणि पहिल्याच प्रकरणात ‘गॉडफादरचा अभ्यास करा’ असं निघालं, हा किस्सा तो स्वतः सांगायचा. पण त्या किश्शातून ‘शिकायची गरज नाही’ असा अर्थ काढणाऱ्यांनी हेही पाहावं की हा माणूस ऑस्कर मिळाल्यानंतर शिकायला पुस्तक आणत होता. सिनेमाच्या हक्कांचंही सांगून टाकते. पुस्तक पुरं व्हायच्या आधी, हाती पैसा नव्हता म्हणून, त्यानं ते साडेबारा हजार डॉलरच्या बयाण्यावर देऊन टाकले. एजंट नको म्हणत होते. देणं डोक्यावर असलेल्या माणसाचा सौदा असाच होतो.

रातोरात नशीब पालटल्याचा दिवस खरंच होता, तोही नाकारत नाही. ‘गॉडफादर’च्या स्वस्त आवृत्तीचे हक्क चार लाख दहा हजार डॉलरना गेले. पुझो घरी आला, तेव्हा बायको टीव्हीसमोर पेंगत होती. आता पैशाची काळजी संपली, असं त्यानं तिला सांगितलं. ती हसली आणि पुन्हा पेंगू लागली. मग त्यानं आईला फोन लावला. तिला इंग्रजी मोडकंतोडकं बोलता यायचं, पण समजायचं सगळं. तिनं विचारलं, “चाळीस हजार डॉलर?” नाही, चार लाख दहा हजार. असं तीनदा सांगावं लागलं. मग आई म्हणाली, “कुणाला सांगू नकोस.”

काल रात्री हा परिच्छेद मी ताईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “थांब, त्याला बोलावते, त्याला परत वाच.” परत वाचला. भाचा आधी गप्प होता, मग त्यानं विचारलं, “मावशी, तीन वर्षं तो लिहायचा कधी? म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी?” ‘फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ची माझी प्रत शनिवारी त्याच्याकडे घेऊन जाणार आहे.