इंग्लंडची दंड संहिता? कुठली?

भाची कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने निबंध तपासायला पाठवला. पहिल्याच परिच्छेदात व्हॉट्सॲपवर फिरणारा तोच मजकूर, शब्दही न बदलता: ‘भारतीय दंड संहिता म्हणजे इंग्लंडच्या दंड संहितेची नक्कल. ती एकट्या मेकॉलेने लिहिली. त्याआधी इथे लेखी फौजदारी कायदा नव्हता. व्यभिचाराचं कलमही गोऱ्यांनी आपल्या देशातून आणलं.’ तिला फोनवर सांगितलं, पण वकील मंडळीही हे पुढे पाठवतायत, म्हणून लिहितो.

इंग्लंडकडे दंड संहिता नाही. आपली दंड संहिता मंजूर झाली त्या १८६० साली नव्हती, आजही नाही. तिथे खुनाची व्याख्या संसदेच्या कुठल्याही कायद्यात सापडणार नाही. ती न्यायाधीशांच्या निकालांतून, कॉमन लॉमधून घडत आली आहे. आपल्याकडे १८६२ पासून, २०२४ साली भारतीय न्याय संहितेने तिची जागा घेईपर्यंत, दंड संहितेचं कलम ३०० उघडलं की व्याख्या समोर असे. इथे गव्हर्नर जनरलच्या परिषदेत विधी सदस्य (कायद्याचं काम पाहणारे सदस्य) राहून गेलेल्या जेम्स स्टीफन यांनी मायदेशी परतल्यावर इंग्लंडसाठी संहितेचा मसुदा केला, पण संसदेने तो मंजूर केला नाही. मग नक्कल कशाची केली?

आपल्या संहितेचा मसुदा करणाऱ्या, मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली गव्हर्नर जनरलला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. अस्तित्वात असलेली कोणतीही कायदेपद्धती आम्ही पाया म्हणूनसुद्धा घेतलेली नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मदत झाली ती फ्रेंच संहितेची, आणि त्याहून जास्त अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यासाठी लिव्हिंग्स्टन या कायदेतज्ज्ञाने केलेल्या संहितेची, जी खुद्द लुइझियानाने कधी स्वीकारलीच नाही. कल्पना कुठून निघाली, कुठे रुजली, वाटेत काय बदललं, हे शोधणं हाच तुलनात्मक विधी-इतिहासाचा उद्योग. युरोपात २००९ पासून त्याची स्वतंत्र अभ्याससंस्था आहे. आपल्याकडे कायदा शिकणाऱ्या मुलांच्या हाती मात्र फॉरवर्ड पडतात, याचा मला खरोखर राग येतो.

एक मान्य करावं लागेल. याच स्टीफन यांनी भारतीय दंड संहिता म्हणजे तांत्रिक गुंतागुंत काढून टाकलेला इंग्लंडचा फौजदारी कायदा, असं म्हटलं होतं. आशयापुरतं त्यात बरंच तथ्य आहे. मसुदा करणारे इंग्रजी कायद्यातच वाढलेले होते. पण विखुरलेले निकाल आणि सुटे कायदे सोडून, व्याख्या, अपवाद आणि उदाहरणं देत नवी मांडणी करणं याला नक्कल म्हणत नाहीत.

सगळ्यात घातक मुद्दा व्यभिचाराचा. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. तो चर्चच्या न्यायालयांचा विषय होता, आणि नवऱ्याला दिवाणी दावा लावून भरपाई मागता येई. तो दावाही १८५७ साली बंद झाला. मेकॉलेच्या मसुद्यातही हे कलम नव्हतं. ते नंतरच्या फेरविचारात आलं आणि १८६० च्या कायद्यात कलम ४९७ म्हणून बसलं. म्हणजे इंग्लंडने जो गुन्हा मानला नाही, तो इथे इथल्यासाठी म्हणून घडवला गेला. बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजणारं ते कलम स्वतंत्र भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द करेपर्यंत टिकलं. ‘गोऱ्यांनी आणलं’ म्हटलं की सात दशकं आपण ते का सांभाळलं, हे विचारायला नको.

मेकॉले एकटा? आयोगात मॅक्लाउड, अँडरसन, मिलेटही होते. मंजुरीआधीचं शेवटचं संस्करण बार्न्स पीकॉक यांनी केलं, आणि कायदा झाला तेव्हा मेकॉले हयात नव्हता.

राहिला ‘आधी लेखी कायदा नव्हता’ हा दावा. मुंबई इलाख्यात १८२७ सालीच चौदावा विनियम लागू झाला होता. त्यात गुन्हे आणि शिक्षा लिहिलेल्या होत्या, आणि गव्हर्नर होते एल्फिन्स्टन. मुंबईच्या कॉलेजातल्या मुलीने निदान एवढं तरी फॉरवर्डवरून घेऊ नये.